उपाशी वऱ्हाड

साल एकोणीसशे शहात्तर, आणि मी बावीस वर्षांचा. शिक्षण चौथी. पाचवीच्या वर्गात आठ दिवस बसलो, पण तिथले मास्तर मला नावाने हाक न मारता 'ए वाणगट' म्हणायचे, आणि त्या हाकेला मी ओ देणार नव्हतो. ते हाक मारत राहिले, मी भिंतीकडे बघत राहिलो. नवव्या दिवशी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शाळेतून काढून कांद्याच्या वाफ्यात उभं केलं. मास्तर हरले असं मी आजही समजतो. चौथी शिकलेल्या माणसाने म्हातारपणी वह्या काळ्या करू नयेत, डोळे जातात, असं माझ्या धाकट्या सुनेचं म्हणणं आहे. तिने हे तीनदा सांगितलं, म्हणून ही तिसरी वही. हिच्यात माझ्या लग्नाची हकिगत लिहायची आहे. आमच्या घरात ती पंधरा जण पंधरा प्रकारे सांगतात, आणि प्रत्येक प्रकारात मीच गाढव असतो. खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवतो. त्यातही मी गाढवच आहे, पण निदान खरा.

आमचं गाव नामपूरपासून चार कोसांवर, मोसम नदीच्या काठाने. आम्ही जातीचे वाणी. वाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गादी, तागडी आणि गुळाच्या ढेपेवरच्या माश्या येतात. पण आमच्यात निम्म्यांच्या हातात तागडी आणि निम्म्यांच्या हातात नांगर, आणि दोघांनाही वाटतं की खरा वाणी आपणच. देवाचंही तसंच. जात एक, आडनावं एक, रोटीबेटीचा व्यवहार एक, पण काही घरांत बालाजी आणि काही घरांत पार्श्वनाथ. सख्ख्या चुलत भावांतला एक गंध लावून कीर्तनाला जातो आणि दुसरा मंदिरात जाऊन मुनिमहाराजांचं प्रवचन ऐकतो, आणि दोघे मिळून एकाच बांधावरून भांडतात. मुली इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात. ज्या घरी पडेल त्या घरचा देव तिचा, अशी रीत. आमच्या घरी बालाजी, खंडोबा आणि कांदा. कांद्याला देव म्हणत नसत एवढंच, बाकी मान सगळा. अंगणात एका अंगाला चाळ होती, तिच्यात उन्हाळी कांदा भरलेला, आणि गडी कांदा उलथत असले की वाळल्या सालींचा खसखस आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. तो आवाज नसला की मायला, म्हणजे माझ्या आईला, करमायचं नाही. ती ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायची, दुसऱ्या हाताने उंबऱ्यावर कांदा ठेवून बुक्कीने फोडायची, आणि वरून लसणाचा ठेचा. बुक्कीचा तो आवाज आला की आम्ही भावंडं कुठेही असलो तरी चुलीपुढे हजर. बाकी कशी हाक मारायची ते तिला माहीतच नव्हतं.

मला मुलगी सांगून आली ती नामपूरच्या नेमिनाथशेठची. ते पार्श्वनाथवाले. बाजारात त्यांची कांद्याची आडत. मोसमात रोज बैलगाड्यांच्या रांगा त्यांच्या दारात, शेठ स्वतः कांदा हातात घेऊन, दाबून, वास घेऊन भाव सांगायचे, आणि त्यांच्या घरात शंभर वर्षांत कांदा शिजला नव्हता. लसूण नाही, मुळा नाही, बटाटा नाही, जमिनीखालचं काहीच नाही. आणि दिवस मावळला की पाणी सोडून तोंडात काही नाही. त्यांच्या घरातल्या थोरल्या आत्याबाईंचं तर पाणीसुद्धा बंद. या आत्याबाई म्हणजे शेठची विधवा बहीण. पांढरं लुगडं, काडीसारखी देहयष्टी, आणि सगळं घर त्यांच्या बोटावर. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला फक्त एक प्रश्न विचारला.

"तोंडाला वास कसला येतो?"

"बडीशेपेचा," मी म्हणालो.

"बडीशेपेच्या खालून," आत्याबाई म्हणाल्या.

मुलगी, तिचं नाव विमल, दाराआड होती. ती हसली ते मला ऐकू आलं. त्या हसण्यावर मी हो म्हटलं. ही गोष्ट मी तिला लग्नानंतर वीस वर्षं सांगितली नाही, कारण सांगितली असती तर ती घरात रोज हसली असती आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी कबूल करावं लागलं असतं.

सोयरीक ठरली तशी याद करायला बसले. याद म्हणजे लग्नात कोणी काय करायचं त्याचा कागद. आमच्या जातीत लग्न मोडेल पण याद अर्धवट राहणार नाही. नाना आणि नेमिनाथशेठ सकाळी बसले ते दुपारी उठले. मुलीच्या अंगावर काय, जावयाला काय, मामाला कोणत्या रंगाचा फेटा, मांडवाला किती बांबू, बँडवाल्यांना चहा कोणाचा आणि बिडी कोणाची, सगळं लिहिलं. गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला होता, म्हणजे गाई घरी यायच्या वेळेला, दिवस बुडताना अक्षता. दोघांनी माना डोलावल्या. जेवण अक्षतांच्या आधी की नंतर, हे कोणी लिहिलं नाही, कारण ते काय लिहायची गोष्ट आहे? नानांच्या मते अक्षता पडल्याशिवाय पानावर बसतं ते फक्त तेराव्याचं जेवण. शेठच्या मते दिवस मावळल्यावर जेवतं ते फक्त घुबड. दोघेही आपापल्या घरात जन्मापासून एकच रीत बघत आलेले. बिडीपर्यंत सगळं विचारणाऱ्या दोन शहाण्या वाण्यांनी दोनशे माणसांच्या पोटाचं विचारलं नाही.

पण ती चूक अजून सावरण्यासारखी होती. ती पक्की केली मी.

त्या साली नानांनी जुना लाल ट्रॅक्टर घेतला होता. आमच्या गावातला पहिला. तो मी शिकलो, मी चालवायचो, आणि रात्री त्याच्यावर गोणपाट मीच पांघरायचो. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा मी जाहीर केलं की मी घोड्यावर बसणार नाही. मांडवाच्या दारात ट्रॅक्टरवरून जाईन, आणि चालवीन मी. माय रडली. दगडूमामा, म्हणजे मायचा थोरला भाऊ, म्हणाला, "अरे, नवरदेवाच्या हातात कट्यार असते, स्टेरिंग नसतं."

"मग कट्यार मांडीवर ठेवीन," मी म्हणालो.

आणि ठेवली. वैशाखाचं ऊन, डोक्याला फेटा, कपाळावरून मुंडावळ्या लोंबताहेत, मांडीवर कट्यार, पोटात सकाळपासून काही नाही कारण अक्षता पडेपर्यंत नवरदेवाचा उपास, आणि मी पहिल्या गिअरमध्ये. पहिल्या कारण पुढे बँड चालत होता. मागे ट्रॉलीत बायका, त्यांच्यामागे बैलगाड्यांत पुरुष, दीडशे वऱ्हाडी. सडकेने गेलो असतो तर उन्हं कलायच्या आत पोचलो असतो. पण सडकेवर मला बघायला कोण होतं? मी नदीकाठच्या वाटेने घेतलं, तिथे तीन गावं लागतात. प्रत्येक गावात थांबलो. प्रत्येक गावात पोरं ट्रॅक्टरला हात लावून बघत होती आणि म्हातारे विचारत होते, "नवरदेव कुठाय?" मी म्हणायचो, "हा काय!" हे सांगायला मला लय गोड वाटायचं. मग नदी उतरताना ट्रॉलीचं चाक वाळूत बसलं. बायका उतरल्या, गड्यांनी रेटा दिला, मामाचा नवा फेटा वाळूत पडला.

चाक निघत होतं तेव्हा पहिल्यांदा सायकल आली. सायकलवर मोतीलाल, विमलचा चुलत भाऊ, घामाने निथळलेला. बाकी सगळे चाकाशी होते, मी एकटा वर बसलेलो.

"भावजी, काकांनी निरोप दिलाय. पानं मांडलीत. उन्हं आहेत तोवर जेवणं उरकू, मग निवांत अक्षता. जरा लवकर चला."

मला राग आला. का, ते आज सांगता येत नाही. कदाचित उपाशी होतो म्हणून. कदाचित त्याने ट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही म्हणून. मी म्हणालो, "जा, सांग त्यांना. नवरदेव घाई करत नसतो."

तिसऱ्या गावात तो पुन्हा आला. या वेळी त्याला धड बोलता येत नव्हतं. "भावजी... आत्याबाई म्हणतात... दिवस दोन कासरे राहिलाय."

"मग राहू दे की," मी म्हणालो, आणि बँडवाल्यांना अजून एक गाणं वाजवायला सांगितलं.

दोन्ही निरोप मी कोणाला सांगितले नाहीत. नाना मागच्या गाडीत होते, त्यांना वाटत होतं सगळं वेळेवर चाललंय, गोरजाला तर अजून अवकाश आहे. नामपूरच्या वेशीत शिरलो तेव्हा सूर्य डोंगरावर चार बोटं होता. मांडवात पळसाची पानं ओळीने मांडलेली, द्रोणांत आमटी गार झालेली, आणि मागे आडोशाला सहा बायका खापरावर मांडे भाजत होत्या. मांडा ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. पुरणाचा गोळा भरून कणीक दोन्ही हातांवर खेळवत खेळवत सुपाएवढी करतात, कागदासारखी पातळ, आणि उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर पसरतात. हातावर असताना तिच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. तो वास आला आणि माझ्या पोटात असा आवाज झाला की करवली म्हणून ट्रॉलीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिलेली माझी बहीण दचकली.

शेठ हात जोडून पुढे आले. "चला, बसून घ्या. अर्ध्या तासात पंगत उठेल."

दगडूमामाने फेट्यातली वाळू झटकली. "अक्षतांआधी जेवण? शेठ, आमी काय तेराव्याला आलोय का?"

"तेरावं उजेडात जेवतात, लग्न अंधारात जेवतात, असं का?" आत्याबाई मागून म्हणाल्या. "बसा मुकाट्याने. सूर्य काही तुमच्या दावणीला बांधलेला नाही."

"आमच्यात नवऱ्याच्या डोक्यावर अक्षता पडल्याबिगर पाणी पीत नाय."

"आमच्यात दिवस बुडाल्यावर दुसऱ्याला वाढतसुद्धा नाही. खायचं नाही, वाढायचं नाही, नि खाणाऱ्याला बरं केलंस असंही म्हणायचं नाही."

दोन्ही बाजूंनी माणसं जमली. कोणी म्हणे अर्धे बसा, कोणी म्हणे मुलं तरी बसवा, कोणी म्हणे गुरुजींना विचारा. गुरुजी म्हणाले शास्त्रात दोन्ही आहे. बसायचं की नाही यावर इतकं बोलणं झालं की तेवढ्यात दोन पंगती उठल्या असत्या. आणि बोलता बोलता डोंगराने सूर्य गिळला. आत्याबाईंनी नुसती मान हलवली, आणि मागच्या सहा बायकांनी खापरं उतरवून ठेवली. गुरुजी ओरडले, "मुहूर्त! मुहूर्त!" आणि आम्ही पाटावर.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, शेल्याला शेला बांधला, बँड वाजला. मग बायकांनी घास भरवायचा हट्ट धरला. मी आठ दिवस एक उखाणा पाठ केला होता, माझा मीच जुळवलेला. हातात पेढा घेतला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा म्हणालो:

"नामपूरच्या बाजारात कांद्याची रास,
विमलला भरवतो पेढ्याचा घास."

आमची बाजू फुटून हसली. त्यांच्या बाजूला कांद्याचं नाव मंगलकार्यात घेतल्यामुळे असा सन्नाटा की बत्तीचा फुसफुस आवाज ऐकू यावा. मी पेढा पुढे केला. विमलने तोंड उघडलं नाही. मी हात अजून पुढे केला. तिने मान किंचित हलवली, खाली घातली. दिवस बुडाला होता. माझा हात तसाच हवेत, पेढा बोटांत, दीडशे माणसं बघताहेत.

"अरे वा!" दगडूमामा म्हणाला. "पोरगीबी मिटली नि चूलबी मिटली. शेठ, आमच्या पंगतीचं काय?"

घामाने शेठचा सदरा पाठीला चिकटला होता. ते एकदा आत्याबाईंकडे बघायचे, एकदा आमच्या लोकांकडे. सगळी हयात बाजारात भाव बोलून काढलेला माणूस, त्याला शब्द सापडेना. मामाला मात्र सापडत होते. "गाड्या जुपा रे. लग्न लागलंय, पोरगी आपली झाली. उपाशी आलो, उपाशी जाऊ. पण ऐका शेठ, ही पोर या दारात परत यायची नाय. दिवाळी नाय, आखाजी नाय, बाळंतपण नाय. आमी उपाशी गेलो त्या उंबऱ्यावर आमची सून पाय ठेवणार नाय."

हे नुसतं बोलणं नव्हतं हे वाचणाऱ्याने समजून घ्यावं. मामाचा शब्द आमच्या घरात खाली पडत नसे. आमच्याच गावात एक सून होती, तिच्या लग्नात मानपानावरून असंच झालं होतं. तिचा बाप मेला तेव्हा ती चार कोसांवर असून विहिरीच्या कठड्याशी बसून रडली, तिला पाठवलं नाही. नाना गप्प होते. म्हणजे मामाच्या बाजूने होते.

आणि मग शेठनी डोक्यावरची काळी टोपी काढली. दोन्ही हातांत धरली आणि ते दगडूमामाच्या पायाकडे वाकू लागले.

तेव्हा विमल माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मान खालीच, ओठसुद्धा हलले नाहीत. "मोतीलालदादा दोनदा आला होता ना?"

म्हणजे तिला माहीत होतं. मोतीलालने घरी जाऊन तिला सगळं सांगितलं होतं, मी काय बोललो तेही. जावयाची चारचौघांत शोभा नको म्हणून मुलीकडच्यांनी कोणी ते काढलं नव्हतं. ते माहीत असून ती पाटावर येऊन बसली होती, गळ्यात माळ घालून घेतली होती. तिने बोट दाखवून सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिने फक्त विचारलं.

माझ्यासारख्या माणसाला 'चुकलो' म्हणणं म्हणजे काय ते माझ्यासारख्यालाच कळेल. पाचवीच्या मास्तरांपुढे आठ दिवस भिंत बघणारा मी. मी उठलो. उठलो तशी शेल्याची गाठ ताणली गेली आणि तिलाही उठावं लागलं. मी चालायला लागलो, तीही मागून फरफटत. असे आम्ही दोघे बांधलेले मांडवातून पानांच्या ओळी ओलांडत गेलो आणि मी शेठचे हात टोपीसकट मध्येच धरले.

"ह्यांची चूक नाय," मी म्हणालो. "निरोप आला होता. दोनदा. नदीत एकदा, तिसऱ्या गावात एकदा. लवकर चला, उन्हात जेवू, असा. मी कोणालाच सांगितलं नाय."

"का?" मामाने विचारलं.

"ट्रॅक्टर लोकांना दिसायला पाहिजे होता," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, आणि पन्नास वर्षांत सुचलेलं नाही.

नाना पुढे आले. आमच्या घरी आम्ही अहिराणी वळणाने बोलतो. नानांनी फक्त चार शब्द विचारले. "खरं शे का हाई?"

"हां, नाना."

त्यांनी मला थोबाडीत मारली. मुंडावळ्यांचे मोती तुटून मांडवभर उडाले. लग्न लागून पाऊण तास झालेला नवरदेव मी, शेजारी बायको, आणि बापाची पाच बोटं गालावर. मग नाना वळले आणि इतक्या शांतपणे बोलले की मामाचंसुद्धा तोंड मिटलं. "व्याही, टोपी घाला. वऱ्हाड कुठं जाणार नाय. मुलीच्या घरची रीत आज आमची रीत. सकाळी तुमच्या वेळेला जेवू, मग निघू. ज्याला भूक लागली असंल त्यानं माझ्या पोराला शिव्या द्याव्यात."

शिव्या भरपूर मिळाल्या. काही पोरं बाजारपेठेत जाऊन शेवभाजी खाऊन आली आणि तोंड पुसून साळसूदपणे झोपली, हे मला पुढे कळलं. बाकी दीडशे कांदेखाऊ माणसं त्या एका रात्रीपुरती कडक जैन झाली. आत्याबाई म्हणे मांडवाच्या कडेने फिरून गेल्या आणि म्हणाल्या, "इतक्या लोकांना एकदम उपास घडवला जावयाने. मुनिमहाराजांनासुद्धा जमलं नाही."

आता मी नाशकात पाथर्डी फाट्याजवळ मुलाकडे राहतो, सहाव्या मजल्यावर. विमल अजून दिवस बुडायच्या आत जेवते. पूर्वी गच्चीतून पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघायची, आता नातवाने तिला मोबाईलवर सूर्यास्ताची वेळ लावून दिलीय. घंटी वाजली की ताट उचलते. देव माझा घेतला तिने, खंडोबाची तळी माझ्यापेक्षा जोरात भरते, पण घड्याळ माहेरचं ठेवलं. माझा कांदा बाल्कनीत, एका टोपलीत, आणि मी तो तिथेच उभा राहून खातो. गावी अंगणात खायचो; घरात खाल्ला नाही त्याला पन्नास वर्षं झाली. मी तिचं ऐकतो असं कोणी समजू नये. बाल्कनीत वारा चांगला असतो. आणि मीही सहालाच जेवतो ते भूक लागते म्हणून. सुनेला हे पटत नाही. ती हे वाचेल तेव्हाही पटणार नाही.

तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. दिवस उगवला, आणि उगवल्यावर दोन घटका थांबायचं असतं म्हणून थांबलो. वऱ्हाड पानांपुढे बसलेलं. मागे खापरं पुन्हा चढली, मांड्याचा वास सुटला, आणि दीडशे माना एकदम तिकडे वळल्या. शेठ आणि त्यांचे भाऊ वाढायला निघाले. मुलीचा बाप सगळ्यांच्या शेवटी जेवतो ही रीत दोन्हीकडची. मी शेठच्या हातातली मांड्यांची टोपली काढून घेतली.

"अहो, हे काय? नवरदेवाने वाढायचं नसतं," शेठ म्हणाले.

"तुम्ही नानांच्या शेजारी बसा."

"मी नंतर. आधी वऱ्हाड."

"तुम्ही बसल्याशिवाय मांडा फिरणार नाय," मी म्हणालो आणि टोपली घेऊन ओळीच्या तोंडाशी उभा राहिलो. गाठ सुटलेली नव्हती, ती घरी गेल्यावर सोडतात, म्हणून मागे विमल उभी. तिच्या हातात कोणीतरी तुपाचं भांडं दिलं होतं. शेठ हसून बघायला लागले, मग हसू थांबवून बघायला लागले. मी हललो नाही.

"बसा हो शेठ!" दगडूमामा ओळीतून ओरडला. "हा आमचा बैल आहे, मला ठाव हाय. तुम्ही दुपारपर्यंत उभे राहिलात तर तोबी राहील. आमी मेलो भुकेनं!"

शेठ बसले. नानांनी सरकून जागा केली. मी वाकलो आणि पहिला मांडा सासऱ्यांच्या पानावर उलगडला, आणि मागून विमलने तूप सोडलं.